अंगठा आणि सही

डहाणूस जुन्या गांवांत आमचें वडिलोपार्जित कौलारू घर आहे. मागें चिकूची लहानशी वाडी, पुढें ऐसपैस ओटी. येथील न्यायालयांत चाळीस वर्षें वकिली करून मी आतां निवृत्त झालों आहें; परंतु वकिलाची निवृत्ति ही बव्हंशीं नांवाचीच असते. सकाळीं ओटीवर वर्तमानपत्र उघडून बसलें, कीं कोणी ना कोणी कागद घेऊन येतोच. पूर्वीं हे कागद वांटणीचे, वहिवाटीचे, बांधाच्या भांडणाचे असत. अलीकडे त्यांचें स्वरूप पालटलें आहे. आतां येणारे गृहस्थ मुंबईचे, ठाण्याचे, क्वचित् पुण्याचेही असतात; आणि त्या सर्वांचा प्रश्न एकच असतो : "वकीलसाहेब, इकडे जमीन घेऊन ठेवावी का?"

प्रश्न अगदींच निराधार आहे असें नाहीं. १६ एप्रिल २०१३ पासून लोकलगाडी विरारच्या पुढें डहाणू रोडपर्यंत धांवूं लागली; १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला; ३० ऑगस्ट २०२४ रोजीं वाढवणच्या बंदराची पायाभरणी झाली, आणि त्या कामाचा अंदाजी खर्च ७६,२२० कोटि रुपये असल्याचें सर्वांनीं वाचलें. मुंबई-बडोदें द्रुतगति महामार्ग आणि अहमदाबादची अतिवेगवान रेल्वे या दोहोंची आंखणी डहाणू व तलासरी या तालुक्यांतूनच झाली आहे. एवढें सर्व एके ठिकाणीं जमल्यावर, ज्यांच्याजवळ चार पैसे शिल्लक आहेत त्यांची नजर इकडे वळावी, यांत नवल तें काय? मला नवल वाटलें तें एवढेंच, कीं गेल्या दिवाळींत हाच प्रश्न आमच्या ओटीवर, आमच्याच घरच्या मुलानें विचारला.

आम्ही तिघे भाऊ. थोरले बंधू वारले. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, आज घरांत सर्वांहून वडील आहेत. धाकटे बंधू सहकुटुंब मुंबईंत असतात. चुली वेगळ्या झाल्या असल्या, तरी दिवाळी डहाणूस एकत्र करावयाची आणि वडिलांमागें राहिलेली सामाईक पुंजी तिन्हीं घरांच्या विचारानेंच गुंतवावयाची, हा परिपाठ अद्याप मोडलेला नाहीं. धाकट्या बंधूंचा मुलगा एका वित्तसंस्थेंत अधिकारी आहे. मुलगा हुशार, आर्जवी आणि आंकडेमोडींत पटाईत. पाडव्याच्या दुपारीं फराळाचीं ताटें उचललीं गेल्यावर त्यानें विषय काढला.

"अण्णाकाका, मुदत ठेवींतला पैसा म्हणजे झोपलेला पैसा. तलासरीकडे महामार्गालगत पांच एकर मिळताहेत. आतां घेतले तर दहा वर्षांत सोनं होईल."

"सातबारा कोणाच्या नांवाचा?" मीं विचारलें.

"एका वारल्याच्या. पण मध्यस्थ म्हणतो, कागद आपल्या वाडीवरच्या गड्याच्या नांवानं करूं. गडी आदिवासीच आहे, म्हणजे कायद्याची हरकत नाहीं."

हरकत कशी आहे, तें मला त्यास समजावून सांगावें लागलें. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा. त्यांत १९७४ सालीं ३६-अ हें कलम घालण्यांत आलें. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवांचून बिगर-आदिवासीस घेतां येत नाहीं, असें तें कलम सांगतें. १९४८ च्या कुळकायद्याचें ६३ वें कलम तर, शेतकरी नसलेल्या कोणासही परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेऊं देत नाहीं. डहाणू तालुक्याची गोष्ट याहून नाजूक. २० जून १९९१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनें हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला गेला आणि उद्योगांसाठीं सबंध तालुक्यांत मिळून ५०० एकरांची मर्यादा पडली. अशा मुलुखांत गड्याच्या नांवाआड दडून जमीन घेणें म्हणजे उघड बेनामी व्यवहार. त्यांत पैसाही जातो आणि अब्रूही जाते.

मुलानें सर्व मुकाट्यानें ऐकून घेतलें. मग तो हंसून म्हणाला, "ठीक आहे. मग गिरगांवांत घेऊं. तिथं तर असला कुठला कायदा आड येत नाहीं ना?"

गिरगांवांत एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर आमच्या आजोबांनीं भाड्यानें घेतलेली खोली आहे. आमच्या घरांतील तीन पिढ्यांचें मुंबईचें शिक्षण त्या खोलींत झालें. समोरच्या खोलींत एक वृद्ध बाई एकट्याच राहतात. त्या महापालिकेच्या शाळेंत शिक्षिका होत्या. चाळींत लहानथोर सर्वच त्यांस 'काकू' म्हणतात. काकूंनीं आतां सांगलीस भाचीकडे कायमचें जाण्याचें ठरविलें असून, खोलीचा भाडेकरूहक्क त्या पस्तीस लाखांस सोडावयास तयार आहेत, अशी बातमी मुलानें आणली होती. तिच्याबरोबर दुसरीही एक बातमी होती, आणि ती चाळींत अद्याप कोणास ठाऊक नव्हती. घरमालकानें विकासक मुक्रर केला असून दोनतीन महिन्यांत भाडेकरूंपुढें संमतिपत्रें येणार, हें मुलास कचेरींतील एका ओळखीवरून समजलें होतें.

ज्या वाचकांचा मुंबईच्या चाळींशीं संबंध आला नसेल, त्यांच्यासाठीं या दुसऱ्या बातमीचें मोल थोडें उलगडून सांगितलें पाहिजे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें मुंबईचीं भाडीं सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलीं. भाडेकरू तगला, परंतु तेवढ्या भाड्यांत घरमालकाच्यानें साधी कौलेंही बदलवेनात. इमारती ढांसळूं लागल्या, तेव्हां १९६९ च्या कायद्यानें त्यांजवर उपकर बसवून त्या पैशांतून दुरुस्ती करावयाचें ठरलें. त्या वेळीं अशा इमारती १९,६४२ भरल्या! दुरुस्ती कोठवर पुरणार? १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनें निराळी वाट काढली. पुरेशा भाडेकरूंची संमति मिळवून जुनी इमारत पाडावी, त्याच जागीं प्रत्येक भाडेकरूस विनामूल्य मालकीचें घर बांधून द्यावें, आणि त्या मोबदल्यांत बांधणाऱ्यास वाढीव चटईक्षेत्र विकावयास मिळावें. आज अशा घराचें किमान क्षेत्र ३०० चौरस फूट आहे. काकूंची खोली फार तर १८० चौरस फुटांची. म्हणजे जी पिवळी पडलेली भाडेपावती त्या पस्तीस लाखांस देऊं करीत होत्या, ती वस्तुतः दीड कोटींच्या घराचें बियाणें होती. त्यांतच ऑक्टोबर २०२५ मध्यें भुयारी मेट्रो गिरगांवाखालून धांवूं लागलेली!

"करार होण्याआधीं घेतलं तर हा भाव," मुलगा म्हणाला, "संमतिपत्रं निघालीं कीं हीच खोली दुप्पट. शहराच्या पोटांतल्या जुन्या वस्त्यांत आज जी संधि आहे ती बाहेरच्या माळरानांत नाहीं."

धोक्याची बाजूही त्यानें लपविली नाहीं. गोरेगांवच्या पत्रा चाळींतील ६७२ कुटुंबांचा करार २००८ सालचा. घरें सोडून गेलेल्या त्या लोकांनीं पुढें दीड दशकाहून अधिक काळ नव्या घराची वाट पाहिली. उलट वरळीच्या बी.डी.डी. चाळींत, जेथें १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून पिढ्या गेल्या, तेथें १४ ऑगस्ट २०२५ रोजीं ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. हा सारा खेळ धीराचा आहे, आणि आपल्यापाशीं धीर धरण्यापुरता पैसा आहे, असा त्याचा युक्तिवाद होता.

खोटें कशाला सांगूं? तो सर्वांस पटला, मलाही पटला. व्यवहार कायदेशीर होता. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यापासून पागडी चोरूनमारून द्यावी लागत नाहीं. घरमालकास रिवाजाप्रमाणें त्याचा हिस्सा दिला, कीं पावती नांवावर होते. करारनाम्याचा मसुदा मीं करावयाचा असें ठरून बैठक उठली.

मसुद्यासाठीं आमच्या खोलीच्या जुन्या पावत्या हव्या होत्या. त्या आजोबांच्या शिसवी पेटींत असतील म्हणून त्या रात्रीं मीं ती उघडली. पावत्या मिळाल्या, परंतु त्यांच्याखालीं एक दुसराच कागद हातीं आला, आणि तो पाहतांच मी तसाच पेटीपाशीं बसून राहिलों.

तो १९६१ सालचा खरेदीखताचा कागद होता. दोन एकर वरकस जमीन. मोबदला रुपये दोनशें. अक्षर आजोबांचें, मोत्यासारखें. त्याखालीं 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा', आणि शाईचा एक फिकट ठसा.

या भागाचा पूर्वेतिहास वाचकांस ऐकून तरी माहीत असेल. वारली माणूस लग्नासाठीं कर्ज काढी आणि तें फेडण्यासाठीं जन्मभर सावकाराच्या शेतावर राबे. अशास 'लग्नगडी' म्हणत. १९४५ सालीं तलासरीनजीक झरी गांवीं वारल्यांची परिषद भरली आणि त्यानंतरच्या लढ्यानें वेठ व लग्नगडी या दोन्हीं चाली मोडल्या. त्या लढ्याच्या पुढारी गोदावरीबाई परुळेकर या पुण्याच्या गोखल्यांच्या घरांतील, वकिलीची परीक्षा उतरलेल्या, हें आपल्या घरांतून तेव्हां मोठ्या नाखुषीनें बोललें जाई. वेठ गेली, परंतु गरज कोठें गेली होती? पूर्वीं कर्जापोटीं माणूस बांधला जाई, पुढें जमीन लिहून घेतली जाऊं लागली. आमचे आजोबा क्रूर नव्हते. पावसाळ्यांत ते पाड्यांवर कोयनेलच्या गोळ्या वांटीत. कोणाचें पोर आजारी असलें तर आपली बैलगाडी देत. तरीही तो कागद त्यांनींच लिहिला होता.

१९७४ च्या कायद्यानें, १ एप्रिल १९५७ पासून ६ जुलै १९७४ पर्यंत आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत देण्याची तजवीज केली. त्याप्रमाणें १९७६ सालीं आमच्या वडिलांस नोटीस आली. मी तेव्हां गिरगांवच्या त्याच खोलींत राहून कायद्याचा अभ्यास करीत होतों. वडिलांनीं मला जबाब लिहावयास मुद्दाम बोलावून घेतलें. तें माझें वकिलींतलें पहिलें काम. मीं मोठ्या उमेदीनें सहा पानें लिहिलीं आणि मधल्या खोलींत सर्वांपुढें वाचून दाखविलीं. कोपऱ्यांत वाती वळीत बसलेल्या आजीनें सर्व ऐकलें, आणि मूळ कागद वाचावयास सांगितला. तोही मीं वाचला.

"हें त्याला कुणीं वाचून दाखवलं होतं?" तिनें विचारलें.

वडील म्हणाले, "आई, अंगठा त्याचाच आहे."

"अंगठा त्याचा आहे, तें दिसतंय मला. वाचून कुणीं दाखवलं होतं?"

कोणीच उत्तर दिलें नाहीं. माझीं सहा पानें दाखल झालीं नाहींत. जमीन परत गेली. वडिलांस तो आपल्या घराण्याचा उपमर्द वाटला, आणि पुढें कित्येक दिवस ते आजीशीं मोजकेंच बोलत. आज त्या दोन एकरांत त्या वारल्याचा नातू ढोबळी मिरची पिकवितो. रस्त्यांत भेटला कीं रामराम करतो. तो कागद आजोबांच्या पेटींत कोणीं व कां जपून ठेविला, हें मला ठाऊक नव्हतें. बहुधा आजीनेंच ठेविला असावा.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. काकूंना अंगठा उठवावा लागणार नव्हता. त्या चाळीस वर्षें मुलांस लिहावयास शिकविणाऱ्या बाई. त्यांची सही माझ्याहून सुरेख. परंतु ज्या कागदावर त्या ती करणार होत्या, त्यांतील खरी ओळ त्यावर लिहिलेलीच नसणार होती. ती ओळ आम्हांस ठाऊक होती, त्यांस नव्हती. मग सही आणि अंगठा यांत अंतर तें काय उरलें? तलासरीच्या वारल्याच्या पाठीशीं आज कायदा उभा आहे. गिरगांवच्या एकट्या म्हातारीच्या पाठीशीं कोण? शिवाय कायद्याचा अभ्यास करीत होतों त्या तीन वर्षांत दर मंगळवारीं आणि शनिवारीं माझें पान काकूंच्याकडे असे, हें मी कसें विसरावें?

दुसरे दिवशीं घरांत कोणास न सांगतां मी पहाटेच्या लोकलनें निघालों, आणि चर्नी रोडला उतरून चाळींत गेलों. काकूंनीं चहा ठेवला. मीं सर्व सांगितलें : विकासकाचें, संमतिपत्रांचें, तीनशें फुटांचें, दीड कोटींचें.

काकू कांहीं वेळ स्तब्ध बसल्या. नंतर म्हणाल्या, "अरे, गॅलरींत तीनदां टेप लावून माणसं मोजून गेलीं, तें मी पाहिलं होतं. पण एवढं असेल असं वाटलं नव्हतं." आणि थोडें थांबून, "तुझ्या पुतण्यानं परवां पेढे आणले होते मला."

मीं मान खालीं घातली.

"थांबलें तर किती वर्षं लागतील?"

"सगळं सुरळीत झालं तर चारपांच. अडलं तर कुणीं सांगावं?"

"मी चौऱ्याऐंशीची आहें. त्या घरांत राहायला मी असेन कीं नाहीं, देव जाणे. मला सांगलीला जायचंय आणि पैसे आतां हवेत. खोली तुम्हीच घ्या. पण आतां मला ठाऊक आहे, तेव्हां भाव पुन्हा बोलूं."

हें ऐकून मला हंसूं आलें आणि बरेंही वाटलें. काकूंचें म्हणणें व्यवहाराचें होतें. जो थांबतो, त्यानें थांबण्याचा धोका पत्करलेला असतो, आणि त्याचें मोल त्यास मिळालें पाहिजे, हें मला मान्य आहे. तें मोल किती, एवढें मात्र दोघांनींही उघड्या डोळ्यांनीं ठरवावें. बोलाचाली होऊन ठरलें तें असें : तत्काळ पंचावन्न लाख, घरमालकाचा हिस्सा आम्ही निराळा द्यावयाचा, आणि नव्या घराचा ताबा मिळेल त्या दिवशीं बाजारभावानें जो नफा दिसेल, त्याचा चौथा हिस्सा काकूंस, त्या नसल्यास भाचीस. मसुदा मीं केला; परंतु तो त्यांनीं आपल्या पसंतीच्या दुसऱ्या वकिलाकडून तपासून घ्यावा असा मीं आग्रह धरला. त्या वकिलांनीं दोन कलमें बदललीं, आणि खरें सांगावयाचें तर तीं बदलावयास हवींच होतीं.

घरीं मात्र वादळ झालें. पुतण्या संतापला नाहीं; संतापला असता तर सोपें झालें असतें. तो शांतपणें म्हणाला, "अण्णाकाका, आपण घेतलं नसतं तर दुसऱ्यानं घेतलंच असतं, आणि त्यानं काकूंना कांहीं सांगितलं नसतं. आतां ही गुंतवणूक राहिली नाहीं, देणगी झाली. शिवाय मला कळलेलं तुम्ही बाहेर सांगितलंत; माझी नोकरी आहे." शेवटच्या वाक्यास माझ्यापाशीं पुरें उत्तर नव्हतें. बातमी कोठून आली हें मीं काकूंस सांगितलें नव्हतें. तथापि मुलास आधीं न विचारतां गेलों ही माझी चूक, आणि ती मीं त्याच्याजवळ कबूल केली. धाकट्या बंधूंनीं आपला वांटा या व्यवहारांतून काढून घेतला. तो वांटा वहिनींनीं आपल्या ठेवींतून भरला. त्या एवढेंच म्हणाल्या, "त्या बिऱ्हाडांत तुमच्या दादांचीही पानं वाढलीं गेलीं आहेत."

करारनाम्याच्या दिवशीं मीं तो कागद चाळीच्या गॅलरींत पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यानें वाचला. शेजारीपाजारीही ऐकत उभे होते. काकूंनीं ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका काढल्या, त्या मजकडून सुधारून घेतल्या, आणि मग सही केली.

शहराच्या जुन्या वस्त्यांतून पैसा गुंतवूं नये, असें मला मुळींच म्हणावयाचें नाहीं. ढांसळत्या चाळींच्या जागीं धड घरें उभीं राहिलींच पाहिजेत, आणि त्यासाठीं कोणाचा तरी पैसा लागणारच. गुंतवितांना इमारत उपकराच्या यादींत आहे ना, पावती कोणाच्या नांवाची, जमिनीचा खरा मालक कोण, संमति किती जणांनीं दिली, घर सोडल्यावर पर्यायी जागेचें भाडें कोण आणि कशाच्या हमीवर देणार, हें सर्व पाहावें. मात्र आपल्या मिळकतींत भर पडते ती जागेच्या वाढत्या मोलानें कीं केवळ विकणाऱ्याच्या अजाणपणानें, हेंही एकदां पाहावें. पहिल्या तऱ्हेच्या नफ्यास मी संधि म्हणेन. दुसऱ्या तऱ्हेचा नफा आमच्या पेटींत कागदाच्या रूपानें पन्नास वर्षें पडून होता, आणि त्याचा उपभोग कोणासच सुखानें घेतां आला नाहीं.

पुतण्या अजून म्हणतो, कीं हिशेबाच्या दृष्टीनें मी चुकलों. हिशेबाच्या दृष्टीनें तो बरोबर आहे. संक्रांतीस तो डहाणूस आला नाहीं. तिळगूळ टपालानें आला.

ओटीवर मंडळी पूर्वीप्रमाणेंच येतात आणि जमीन घ्यावी का म्हणून विचारतात. कायदा काय सांगतो तें मी सांगतोंच, परंतु हल्लीं त्याआधीं एक प्रश्न विचारतों : "तुम्हांला जें जें ठाऊक आहे, तें विकणाऱ्याला ठाऊक आहे का?" कांहीं जण थांबून विचार करितात. कांहीं जण चहा तसाच ठेवून उठून जातात.